क्षमा आजची, लढाईही आजची : पंडिता रमाबाईंच्या साक्षीतून



उद्यमबागेतल्या आमच्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाला तरुण मंडळी येतात. कोणी फाउंड्रीत कामाला, कोणी मशीन शॉपमध्ये, कोणी अजून आयटीआयला. शास्त्र शिकवताना पुष्कळ प्रश्न निघतात. पण एक प्रश्न दरवर्षी येतोच, मुले बदलली तरी प्रश्न बदलत नाही. बाप्तिस्मा झाला, पापांची क्षमा झाली, असे आपण म्हणतो. मग तेच पाप पुन्हा का होते? आणि पुन्हा झाले, तर आधीची क्षमा खरी होती की नाही?

हा प्रश्न फक्त तरुणांचा नाही. पगाराच्या दिवशी पाय दारूच्या दुकानाकडे वळतात, तो घरचा कर्ता माणूस हाच प्रश्न मनात घेऊन फिरत असतो. मुलांवर हात उचलून रात्रभर जागी राहणारी आई, मोबाइलवर नको ते पाहून सकाळी प्रार्थनेला बसायची लाज वाटणारा मुलगा, भावाशी जमिनीवरून बोलणे तोडलेला म्हातारा, सगळ्यांचा हाच प्रश्न. प्रभुभोजनाच्या रविवारी काही जण मागच्या बाकावर बसतात आणि पापांगीकार सुरू व्हायच्या आधी हळूच उठून जातात. त्यांचा विश्वास नाही असे कोणी समजू नये. मागच्या महिन्यात देवाला वचन दिले आणि ते मोडले, आता कोणत्या तोंडाने हात पुढे करू, एवढेच त्यांच्या मनात असते. प्रभूचा मेज ज्यांच्यासाठी मांडलेला आहे, नेमकी तीच माणसे अशी उपाशी घरी जातात.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच मराठी मंडळीच्या इतिहासात सापडते. ते शोधायला फार लांब जावे लागत नाही.

अरुणोदय

आपल्या बेळगावात लंडन मिशनचे काम १८२० मध्ये सुरू झाले. याच गावात १८३१ साली बाबा पदमनजी जन्मले, इथल्याच मिशनच्या शाळेत शिकले, पुढे मुंबईला गेले, आणि १८५४ साली बेळगावातच त्यांचा बाप्तिस्मा झाला. ‘यमुनापर्यटन’ ही मराठीतल्या अगदी आरंभीच्या कादंबऱ्यांपैकी एक, ती त्यांनी १८५७ साली लिहिली. नंतर त्यांनी आत्मचरित्र लिहिले आणि त्याला नाव दिले ‘अरुणोदय’.

या नावाचा विचार करावासा वाटतो. अरुणोदय म्हणजे भर दुपार नव्हे. पूर्वेला तांबडे फुटते तेव्हा घरात अजून दिवा लागतो, अंगणात अजून ठेच लागते. तरीही रात्र संपली आहे, यात कोणाला शंका नसते. कोंबडा आरवला की बाई चूल पेटवायला उठते, पूर्ण उजेडाची वाट पाहत बसत नाही. पापक्षमेची खातरी आणि पापाशी चाललेली झुंज एकाच माणसात एकाच वेळी कशी असू शकते, हे या एका नावात सांगून झाले आहे. पण हे नुसते समजून पुरत नाही, ते जगावे लागते. ते जगलेल्या एका बाईची साक्ष आपल्याजवळ आहे.

तीर्थयात्रेत गेलेले बालपण

पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या रानात झाला. गंगामूळ आज कर्नाटकात, पश्चिम घाटात आहे. घरची भाषा मराठी आणि भोवतालचा मुलूख कानडी, हे आपल्या सीमाभागातल्या माणसांना निराळे सांगायला नको. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रियांनी संस्कृत शिकावे या मतासाठी त्यांनी लोकांचा रोष पत्करला. आई लक्ष्मीबाईंनी रमाबाईंना पहाटे उठवून पुराणे मुखोद्गत करून घेतली. हे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थयात्रा करीत देशभर पायी फिरले. नद्यांत स्नाने, व्रते, उपास, दानधर्म, जे जे पापनाशासाठी सांगितले होते ते ते या लोकांनी मनापासून केले. दुष्काळात हाल होऊन १८७४ साली आईवडील दोघेही वारले, थोरली बहीणही गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास चालत चालत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

रमाबाईंनी आपल्या आईवडिलांची कधी टिंगल केली नाही, हे लक्षात ठेवावे. त्यांची भक्ती खरी होती, असेच त्या लिहितात. त्यांना बोचत होते ते वेगळे. एवढे सगळे करूनही पाप गेले की नाही, हे सांगणारा कोणी नव्हता. खर्च झाला, शरीर झिजले, पण पावती मिळाली नाही.

पुढे भाऊ वारला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झाले. मुलगी मनोरमा झाली, आणि १८८२ च्या आरंभी पतीही पटकीने गेले. रमाबाई पुण्याला आल्या आणि १८८३ साली इंग्लंडला निघाल्या.

फुलहॅममधल्या बाया

इंग्लंडात वाँटेज गावी सेंट मेरीच्या भगिनींच्या मठात त्या उतरल्या. एकदा भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला नेले. तिथे वाट चुकलेल्या, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रयगृह होते. त्या बायांशी तिथल्या भगिनी मायेने वागत होत्या. ज्या बाया एकेकाळी तिथे आसऱ्याला आल्या होत्या त्यांतल्या काही आता इतरांची सेवा करीत होत्या. रमाबाई चकित झाल्या. असे का वागता, असे त्यांनी एका भगिनीला विचारले. तिने उत्तर म्हणून शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली, योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय. पाच नवरे झालेली, लोकांची नजर चुकवून भर दुपारी विहिरीवर आलेली ती बाई, आणि तिच्याजवळ पाणी मागणारा प्रभू. ख्रिस्तामध्ये काहीतरी निराळे आहे, हे आपल्याला त्या दिवशी कळले, अशी रमाबाईंची साक्ष आहे.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला रमाबाईंचा आणि लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

इथे गोष्ट संपली असती तर ती नेहमीची साक्ष झाली असती. अंधार होता, उजेड झाला, आता सगळे चांगले आहे. आपल्या सभांतून अशा साक्षी आपण ऐकतो. त्या खोट्या नसतात, पण ऐकणारा मागच्या बाकावरचा माणूस मनात म्हणतो, माझे तर असे झाले नाही. रमाबाई अशा माणसाच्या उपयोगी पडतात, कारण त्यांनी पुढचीही हकिगत लिहून ठेवली.

आठ वर्षे

बाप्तिस्म्यानंतर रमाबाई चेल्टनहॅमच्या कॉलेजात होत्या. १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेला गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली निघाले आणि खूप गाजले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. नाव झाले, काम उभे राहिले. देवाच्या मंडळीत त्यांना मान होता.

आणि या सगळ्या काळात त्यांच्या मनाला स्वस्थता नव्हती. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी हे उघडपणे सांगितले आहे. ख्रिस्ती धर्म आपण स्वीकारला होता, तो आपल्याला पटला होता, पण ज्याचा तो धर्म त्या ख्रिस्ताला आपण धरले नव्हते, असे त्यांना नंतर उमगले. पापांची क्षमा कधीतरी पुढे होईल, आपण नीट वागलो, नेमाने उपासना केली, सेवा केली, तर शेवटी देव आपल्याला घेईल, असे काहीसे त्यांच्या मनात राहिले होते. बालपणी पायी केलेल्या तीर्थयात्रा संपल्या, पण मनातली यात्रा चालूच होती. फक्त आता ती चर्चच्या वाटेने चालली होती.

बंधुभगिनींनो, हे आपल्यालाही लागू आहे. आपल्यातले कितीजण रविवारची उपासना, उपवासकाळ, वर्गणी, मंडळीची कामे हे सगळे एका खात्यात जमा करीत असतात! पाप झाले की खात्यातून वजा, चांगले काम झाले की जमा. शेवटी शिल्लक काय राहील, याची धास्ती. अशा माणसाला खातरी कधीच मिळत नाही, कारण हिशेब कधी पुरा होत नाही.

रमाबाईंच्या हाती याच सुमारास एक पुस्तक आले. विल्यम हॅसलम नावाच्या एका इंग्रज पाळकाने आपली हकिगत लिहिली होती. हॅसलम इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात बाल्डू इथे पाळक होते. कित्येक वर्षे उपदेश करीत होते, पण स्वतःच्या तारणाविषयी त्यांना निश्चय नव्हता. १८५१ साली एका रविवारी ते उपदेशासाठी उभे राहिले आणि बोलता बोलता त्यांच्या स्वतःच्याच मनात तो प्रकाश पडला. ऐकणाऱ्यांतला एकजण मोठ्याने ओरडला की पाळकसाहेबांचे तारण झाले! हे वाचून रमाबाई विचारात पडल्या. पाळकाच्या बाबतीत असे होऊ शकते, तर आपले काय?

त्यांनी शास्त्र नव्याने वाचायला घेतले. १८९१ साली पुण्यात त्यांना जे मिळाले ते त्यांच्या साक्षीत अगदी साध्या शब्दांत आहे. ख्रिस्ताद्वारे देव जे तारण देतो ते आत्ताचे आहे, कधीतरी पुढे मिळायचे नाही. त्यांनी ते मानले, घेतले, आणि त्यांचे मन आनंदाने भरून गेले.

मराठीत सांगायचे तर क्रियापदाचा काळ बदलला. आठ वर्षे त्या ‘क्षमा होईल’ म्हणत होत्या. त्या दिवसापासून ‘क्षमा झाली आहे’ म्हणू लागल्या. ‘होईल’ म्हणणाऱ्याची नजर स्वतःवर असते, आपले कसे चालले आहे इकडे. ‘झाली आहे’ म्हणणाऱ्याची नजर वधस्तंभावर असते, कारण जे झाले ते तिथे झाले.

खातरीनंतरची झुंज

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. १८९१ नंतर रमाबाईंची झुंज संपली का?

मुळीच नाही. बाहेरचे वादळ तर उठलेच. शारदासदनात मुलींना ख्रिस्ती करतात असा गवगवा होऊन १८९३ साली अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. पण आतली भूकही होती. तारणाचा आनंद मिळाल्यावरही रमाबाई पवित्र आत्म्याच्या सामर्थ्यासाठी, स्वतःच्या अधिक शुद्धीसाठी प्रार्थना करीत राहिल्या. १८९५ साली लोणावळ्याच्या शिबिराला त्या आपल्या काही मुलींना घेऊन गेल्या. ज्या बाईला क्षमेची खातरी होती तीच बाई सर्वांपुढे गुडघे टेकून अजून मला पुष्कळ पाहिजे असे देवाला सांगत होती. खातरी मिळाल्यावर माणूस सुस्त होतो असे ज्यांना वाटते, त्यांनी ही बाई पाहावी.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून शेकडो मुली रमाबाईंनी उचलून आणल्या आणि पुण्याजवळ केडगावला १८९८ साली मुक्तिसदन उभे राहिले. तिथेच फुलहॅमची आठवण ठेवून वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी एक घर काढले आणि त्याला नाव दिले कृपासदन. नाव वाचले तरी तिथे कशाच्या आधारावर प्रवेश मिळत होता ते कळते.

मग आले १९०५ साल. वेल्समधल्या जागृतीच्या बातम्या येत होत्या. जानेवारीपासून मुक्तीत प्रार्थनेसाठी मुली जमू लागल्या. आधी सत्तरच्या आसपास, आणि जूनपर्यंत पाचशेच्या वर. जूनच्या अखेरीस एका रात्री एका मुलीवर पवित्र आत्म्याचे असे काही कार्य झाले की तिला आग लागली असे समजून दुसरी पाण्याची बादली घेऊन धावली, अशी हकिगत त्या वेळच्या लोकांनी लिहून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई नेहमीप्रमाणे शांतपणे वचन समजावून सांगत होत्या. योहानाचा आठवा अध्याय होता. बोलता बोलता सगळ्या मुली रडू लागल्या, पापे कबूल करू लागल्या, आणि रमाबाईंना बोलणे थांबवावे लागले.

योहान चौथा अध्याय ऐकून रमाबाई प्रभूकडे वळल्या. आणि बावीस वर्षांनी योहान आठवा अध्याय त्यांच्या तोंडून ऐकून शेकडो मुलींची हृदये फुटली. चौथ्यात विहिरीवरची बाई आहे, आठव्यात धोंडमार होणार म्हणून उभी केलेली बाई. दोघींनाही प्रभूने दोषी ठरवून घालवून दिले नाही, आणि दोघींनाही होत्या तशा राहू दिले नाही.

पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. केडगावला रडत असलेल्या मुलींपैकी पुष्कळ जणींचा बाप्तिस्मा आधीच झालेला होता. त्या प्रभूच्या होत्या. रोज प्रार्थना करीत होत्या, म्हणून तर त्या तिथे जमल्या होत्या. तरीही त्यांना कबूल करायला पापे होती. आणि कबुलीनंतर त्यांना मिळाला तो आनंद! त्या वेळच्या सगळ्या वृत्तान्तांत रडण्यापाठोपाठ गाण्याचा उल्लेख येतो. पुढे या मुली टोळ्या करून आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला गेल्या.

म्हणजे विश्वासी माणसाला पापाचे दुःख झाले, तर तो देवापासून दूर असल्याचे ते लक्षण नाही. तो जवळ येत असल्याचे लक्षण आहे. फाउंड्रीत काम करणाऱ्यांना हे ठाऊक आहे. लोखंड थंड असते तेव्हा त्यातला मळ दिसत नाही. भट्टीत वितळले की मळ वर तरंगतो आणि काढता येतो. मळ दिसू लागला म्हणून कोणी भट्टी विझवत नाही.

इतर साक्षीदार

रमाबाई एकट्या नाहीत. बेळगावातल्या आपल्या मेथॉडिस्ट बांधवांना जॉन वेस्ली यांचा २४ मे १७३८ हा दिवस माहीत असतो. लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या सभेत आपली पापे, आपली स्वतःची, दूर झाली अशी खातरी त्यांना त्या संध्याकाळी मिळाली. पण त्यानंतर साडेसात महिन्यांनीही पूर्ण झाले नव्हते, हे कमी लोकांना माहीत असते. ४ जानेवारी १७३९ च्या रोजनिशीत त्यांनी स्वतःची कडक तपासणी केली आहे आणि आपण ख्रिस्ती नाहीच असे लिहून ठेवले आहे. अशी नोंद करणारा हा माणूस त्याच वर्षी उघड्या मैदानात हजारोंना क्षमेची सुवार्ता सांगू लागला. खातरी म्हणजे कधीही न हलणारी भावना नव्हे, एवढे यावरून समजावे. भावना हलली, पण ज्याच्यावर ती टेकली होती तो हलला नाही.

आपल्या घरचेच उदाहरण घ्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्यांची गीते आजही आपण प्रत्येक उपासनेत गातो. आणि त्याच टिळकांचा तापट स्वभाव लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये काही न लपवता, हसत हसत लिहून ठेवला आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबर तो राग वाहून गेला नाही. लक्ष्मीबाईंचे सोवळेओवळेही एका दिवसात सुटले नाही, पायरी पायरीने सुटले. तरीही प्रभूने या दोघांना वापरले. परिपूर्ण झाल्यावर वापरीन असे तो म्हणाला असता, तर आपल्याला ती गीते मिळालीच नसती.

शास्त्र काय सांगते

हे माणसांचे अनुभव झाले. त्यांना शास्त्राचा आधार आहे का? आहे, आणि भरपूर आहे.

योहानाचे पहिले पत्र विश्वासी मंडळीला लिहिलेले आहे. त्याच्या पहिल्याच अध्यायात योहान सांगतो की आपल्यात पाप नाही असे म्हणणारा स्वतःला फसवतो. आणि लगेच पुढे, पाप कबूल करणाऱ्याला क्षमा करायला देव विश्वासू व न्यायी आहे. ‘न्यायी’ हा शब्द पुन्हा पुन्हा वाचावा. देव दया आली म्हणून तात्पुरते सोडून देतो, असे तिथे नाही. किंमत दिलेली आहे म्हणून क्षमा करणे हाच आता न्याय आहे. दया कमी पडेल अशी भीती वाटू शकते, पण देव अन्यायी होईल अशी भीती बाळगायचे कारण नाही.

रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात पौल आपल्या आतल्या झुंजीविषयी कळवळून बोलतो. जे करायचे ते होत नाही, जे नको तेच होते. आणि आठवा अध्याय उघडतो तो दंडाज्ञा नाही या घोषणेने. या दोन अध्यायांच्या मध्ये दहा वर्षांचे अंतर नाही, एका ओळीचे आहे. झुंज संपल्यावर घोषणा आली नाही. झुंजीच्या मधोमध आली.

दावीदाने पाप कबूल करताच नाथानाने देवाची क्षमा सांगितली. थांब, आधी वागून दाखव, असे म्हटले नाही. आणि मंदिरात मान खाली घालून उभा राहिलेला जकातदार घरी गेला तो नीतिमान ठरून गेला. उद्या त्याला पुन्हा त्याच जकातीच्या नाक्यावर बसायचे होते, हे प्रभूला माहीत नव्हते का?

म्हणून मंडळीने आपल्या उपासनेत पापांगीकार दर रविवारी ठेवला आहे. बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो, पापांगीकार आठवड्याला. आपली माणसे पडणार हे मंडळीला पहिल्यापासून माहीत आहे. आपल्या कॅथलिक बंधूंमध्ये पापनिवेदनाचा संस्कार आहे, तोही याच समजुतीने. रीत निराळी असेल, पण बाप्तिस्मा झालेल्याला परत येण्याची वाट उघडी आहे, हे दोघेही मानतात.

दोन सावधगिरीचे शब्द

इथे काहीजण म्हणतील, मग बरेच झाले! क्षमा आहेच, पाप करीत राहू. पौलालाही हेच विचारले गेले होते आणि रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात त्याने त्याला झटकून टाकले आहे. झुंज आणि तह यांत फरक आहे. पापाशी झुंजणारा पडतो, रडतो, उठतो. पापाशी तह केलेला पडत नाही, कारण तो आधीच आडवा झालेला असतो. ज्याला पापाचे दुःखच होत नाही त्याला आम्ही खातरी देत नाही. त्याने भ्यावे. पण ज्याला दुःख होते त्याने आपले दुःखच पुरावा समजावे, मेलेल्या माणसाला काटा टोचत नाही.

दुसरी गोष्ट. देवाची क्षमा मिळाली म्हणून माणसांचे देणे फिटत नाही. जक्कयाने प्रभूला घरी घेतले आणि त्याच दिवशी लुबाडलेले चौपट परत देण्याचे कबूल केले. जो दारू पिऊन घरच्यांना मारतो, त्याने देवाजवळ रडून क्षमा मागावी, आणि मग बायकोमुलांजवळ मागावी, आणि मग पाळकांकडे, डॉक्टरकडे जावे. घरच्यांनी, देवाने माफ केले म्हणून मार खात राहावे, असे शास्त्रात कुठेही नाही. आपल्या मंडळीत असे घर असेल तर त्या बाईला क्षमेचा उपदेश करण्याआधी आसरा दिला पाहिजे. रमाबाईंनी आयुष्यभर हेच केले. आधी दार उघडले, मग वचन वाचले.

मेजाकडे या

मग पुन्हा पडल्यावर काय करायचे? आमच्या वर्गात आम्ही चार गोष्टी सांगतो. पहिली, उशीर करू नका. पाप झाले त्याच दिवशी, जमल्यास त्याच तासाला, देवापुढे नाव घेऊन कबूल करा. ‘चुकलो असेन तर क्षमा कर’ असे मोघम नको. दुसरी, क्षमा मागितली की आभार माना. मागून झाल्यावर पुन्हा पुन्हा मागत राहणे म्हणजे मिळाली यावर विश्वास न ठेवणे. तिसरी, एका विश्वासू माणसाला सांगा. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापे कबूल करून एकमेकांसाठी प्रार्थना करायला सांगितले आहे, एकट्याने झुंजणारा लवकर थकतो. चौथी, मेज सोडून जाऊ नका. प्रभुभोजन हे चांगल्या वागणुकीचे बक्षीस नाही, ती वाटेतली शिदोरी आहे. शिदोरी लागते ती चालणाऱ्याला, आणि थकलेल्याला अधिक.

रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे एका कामाला वाहिली. संपूर्ण पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतप्रचुर मराठी न समजणाऱ्या साध्या बायांना वचन कळावे, हा हेतू. मुक्तीतल्या मुलींनीच ते छापखान्यात जुळवले. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा वारली, तरी आईने काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या आणि दोन वर्षांनी, १९२४ साली, ते शास्त्र प्रसिद्ध झाले.

ज्या बाईला स्वतःला क्षमेचा निश्चय व्हायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे लागली, तिने शेवटपर्यंत हीच काळजी केली की दुसऱ्या कोणाला एवढा वेळ लागू नये. क्षमेचे वचन साध्या शब्दांत, हाताशी असावे. आज ते आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. मागच्या बाकावरून उठून जाणाऱ्या माझ्या भावा, माझ्या बहिणी, या येत्या रविवारी थांबून पाहा. पापांगीकारात मोठ्याने सामील व्हा, आणि पाळक क्षमेचे शब्द बोलतील तेव्हा ते तुमच्यासाठी आहेत असे समजून ऐका. तांबडे फुटले आहे. अंगणात अजून अंधार असेल, ठेचही लागेल. पण रात्र संपली आहे.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू शोमरोनी बाईजवळ पाणी मागितलेस आणि तिला जिवंत पाणी दिलेस. आम्ही पडतो आणि लाजेने तुझ्यापासून लपतो. तू क्षमा केली आहेस हे मानायला आम्हांला शिकव, आणि जिथे आम्ही पापाशी तह केला आहे तिथे पुन्हा झुंजायला बळ दे. ज्यांचे आम्ही नुकसान केले त्यांच्याकडे जाण्याचे धैर्य दे. आमच्या मंडळीत मागे बसणाऱ्या प्रत्येकाला तुझ्या मेजाकडे आण. तुझ्याच नावात मागतो. आमेन.